पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कऱ्हाडच्या माझ्या दवाखान्यात एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मुलाच्या मानेवर रुपयाएवढा गोल चट्टा होता. कडा लालसर, मधला भाग जरा साफ आणि खाज भरपूर. उन्हाळ्यात असे नायट्याचे रुग्ण आमच्याकडे रोजच येतात. मी मलम लिहून दिले, टॉवेल वेगळा ठेवा, सैल सुती कपडे घाला, असे नेहमीचे सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. गर्दीच्या नादात एक प्रश्न विचारायचा राहून गेला. ती चूक माझी.

चार दिवसांनी त्याच बाई पुन्हा आल्या. या वेळी सोबत सासूबाईही होत्या. मुलाच्या डोक्यात एका जागी केस तुटून खपल्या धरल्या होत्या. बाईंच्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला चट्टे होते, आजींच्या गळ्याजवळ एक होता. शिवाय बाईंच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधलेली होती. एकाच घरातल्या तिघांना एकदम नायटा, आणि तोही काखेत-जांघेत नव्हे, तर हात, मान, गळा अशा ठिकाणी! जनावर उचलून छातीशी धरले की नेमक्या याच जागा त्याला लागतात. तेव्हा कुठे मी विचारले, "घरात कुत्रं-मांजर काही आहे का?"

मुलाने मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "होतं, डॉक्टर. काल संध्याकाळी गेलं."

हळूहळू सगळी हकिकत कळली. मुलाला मांजराचे वेड. वाढदिवसाला पर्शियन मांजराचे पिल्लू घ्यायचे ठरले. वडिलांनी मोबाईलवर फोटो पाहिले, पुण्याच्या एका विक्रेत्याला बारा हजार रुपये पाठवले आणि रात्रीच्या खासगी बसने आलेली टोपली पहाटे कोल्हापूर नाक्यावर उतरवून घेतली. विकणाऱ्याचे घर कुणी पाहिले नव्हते. पिल्लू आले तेव्हाच त्याच्या कानामागचे केस गेले होते. फोनवर उत्तर मिळाले, "उन्हाळ्यात गळतात." आठवड्याने पिल्लाने खाणे सोडले, उलट्या आणि जुलाब सुरू झाले. पशुवैद्यकांनी सलाईन लावले, पण उपयोग झाला नाही. बाराव्या दिवशी पिल्लू गेले.

"आणि ही पट्टी कसली?"

"परवा चमच्यानं ग्लुकोजचं पाणी पाजत होते, तेव्हा चावलं. थोडं रक्त आलं. हळद दाबली."

"इंजेक्शन घेतलं?"

"अहो डॉक्टर, जातिवंत मांजर ते. रस्त्यावरचं थोडंच होतं? आणि त्याच्या लशी झाल्यात. पुस्तक आहे ना."

पुस्तक मागवून घेतले. एका पानावर रेबीजच्या लशीचे लेबल चिकटवलेले होते. पशुवैद्यकांची सही नाही, नोंदणी क्रमांक नाही. विक्रेत्याने सांगितलेले वय खरे मानले, तर त्या तारखेला पिल्लू पाच आठवड्यांचे होते. रेबीजची लस साधारणतः तीन महिन्यांच्या वयाला देतात. म्हणजे ते पुस्तक असून नसल्यासारखेच होते.

रेबीज जात विचारत नाही

पिल्लाच्या लक्षणांवरून ते मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य आजाराने गेले असावे, असे पशुवैद्यकांचे मत होते. हा आजार माणसाला होत नाही. पण पिल्लू चावल्यानंतर दोन दिवसांत मेले होते, परसात पुरलेही होते आणि त्याची तपासणी झालेली नव्हती. अशा वेळी डॉक्टरला अंदाजावर विसंबून राहता येत नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. आधी घेतलेली लस मात्र खात्रीने वाचवते.

दात लागून रक्त आले की ती तिसऱ्या श्रेणीची जखम होते. मग चावणारे कुत्रे असो वा मांजर, रस्त्यावरचे असो वा बारा हजारांचे. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट यांपैकी काही लावायचे नाही. त्याच दिवशी लस सुरू करायची. दंडात घेतल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कातडीत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. तिसऱ्या श्रेणीच्या जखमेत लशीबरोबर प्रतिद्रव्याचे म्हणजे सीरमचे इंजेक्शन जखमेत आणि तिच्या भोवती द्यावे लागते. ते पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आतच द्यायचे असते. चावणारे जनावर दहा दिवस डोळ्यांसमोर ठणठणीत राहिले, तर पुढच्या इंजेक्शनांचा विचार डॉक्टर करतात. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत लस थांबवायची नाही. इथे तर जनावर दोनच दिवसांत गेले होते.

मी बाईंना चिठ्ठी देऊन लगेच कऱ्हाडच्या वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालयात पाठवले. ही लस साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात आणि सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयातही मिळते. शासकीय रुग्णालयांत ती मोफत आहे. बाईंनी सगळी इंजेक्शने वेळेवर घेतली. आज त्या ठीक आहेत. परंतु तो एक महिना त्या घराने कसा काढला, हे मी जवळून पाहिले आहे.

"खोंड घेताना आम्ही गाय बघतो"

हे सगळे बोलणे चालू असताना बाकावर माण तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी बसले होते. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले होते. बारा हजारांचा आकडा ऐकून त्यांना राहवले नाही. म्हणाले, "डाक्टर, खोंड घ्यायचा म्हंजी आमी आदी गाय बघतो. ह्यास्नी मांजराची आय तरी बघितली का?"

या एका वाक्यात सगळा विषय आला. आपला मुलूख जनावरांच्या पारखीचा आहे. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत, म्हसवडला, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या बाजारात खिलार खोंडाचा सौदा कसा होतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. दात पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात, खोंड कुणाच्या गोठ्यातले, कोणत्या वळूचे, हे विचारतात. त्याशिवाय गडी खिशात हात घालत नाही. तोच माणूस मांजर घेताना फोटो पाहून मोबाईलवरून पैसे पाठवतो! 'खाण तशी माती' ही म्हण आपलीच. पण ती मांजरालाही लागू पडते, हे आपल्या लक्षात येत नाही.

म्हणून माझा पहिला आणि शेवटचा सल्ला एकच. पिल्लू निवडू नका, पिल्लू देणारा निवडा. जातिवंत मांजरांची पैदास करणाऱ्याला हल्ली सगळेच ब्रीडर म्हणतात. तो कसा आहे, यावर तुमच्या पिल्लाचे आयुष्य आणि काही अंशी तुमच्या घराचे आरोग्य ठरते.

घरी जा, तासभर बसा

चांगला ब्रीडर तुम्हाला घरी बोलावतो. पिल्ले कुठे वाढली ते दाखवतो. नाक्यावर, बसस्थानकावर, पेट्रोल पंपाशेजारी पिल्लू हातात देणाऱ्याकडे लपवण्यासारखे काहीतरी असते, असे समजून चालावे.

गेल्यावर आधी पिल्लांची आई पाहायला मागा. मादी मांजराला आपल्याकडे भाटी म्हणतात. भाटीचे डोळे स्वच्छ हवेत, अंगावर मांस हवे, केस गेलेल्या जागा नसाव्यात, माणसाला पाहून ती कोपऱ्यात दडून फिस्कारत नसावी. "आई गावाला आहे", "आई दुसऱ्या घरी आहे" असे उत्तर आले, तर पिल्ले कुठून तरी गोळा करून आणलेली असण्याची शक्यता मोठी. अनेक ठिकाणची पिल्ले एका खोलीत आली की एकाचा आजार सगळ्यांना लागतो.

भाटीचे वय आणि ती कितव्यांदा व्याली, हेही विचारा. मांजराचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो. त्यामुळे हावरा माणूस एकाच भाटीकडून वर्षात तीन वेत घेऊ शकतो. वर्षाच्या आतली भाटी विणीला लावणे आणि वेतावर वेत घेणे, ही धंदेवाईकाची खूण आहे. विचारी ब्रीडर दोन वेतांमध्ये भाटीला भरपूर विश्रांती देतो आणि तिचे वय झाले की नसबंदी करून तिला घरीच सांभाळतो.

खोलीचा वास घ्या. दहा-बारा मांजरे पिंजऱ्यात कोंडलेली, मुताचा उग्र दर्प, नाक गळणारी पिल्ले, असे दृश्य दिसले तर दया येऊन एखादे उचलू नका. ते पैसे पुढच्या वेताचे भांडवल होतात.

घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर त्या व्यक्तीला मुद्दाम सोबत न्या. मांजराच्या लाळेत आणि त्वचेत असलेल्या एका प्रथिनामुळे हा त्रास होतो. चाटण्याने ते केसांवर येते आणि वाळून हवेत मिसळते. अमुक जातीच्या मांजराने दमा होतच नाही, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तासभर त्या घरात बसून शिंका, डोळ्यांची खाज, छातीत घरघर सुरू झाली, तर पिल्लू न घेताच परत फिरण्यात शहाणपण आहे.

किती वयाचे घ्यावे?

लहान पिल्लू गोजिरवाणे दिसते आणि विक्रेत्यालाही ते लवकर खपवायचे असते. म्हणून पाच-सहा आठवड्यांची पिल्ले 'दोन महिन्यांची' म्हणून विकली जातात. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू आईपासून तोडू नये, हा किमान नियम झाला. जगभरातले जाणकार ब्रीडर बारा ते तेरा आठवडे थांबतात. याला कारणे आहेत. आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण याच काळात कमी होत जाते आणि लशींनी त्याची जागा घ्यायची असते. मांजरांची तिहेरी लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयाला सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत देतात. पॅनल्युकोपेनियापासून वाचवणारी लस हीच. शिवाय किती जोरात चावायचे, नखे केव्हा आत घ्यायची, मातीच्या पेटीत शी-शू कशी करायची, हे पिल्लू आई-भावंडांत राहूनच शिकते. लवकर तोडलेले पिल्लू पुढे चावरे निघण्याची भीती जास्त.

लशीच्या पुस्तकात तीन गोष्टी पाहा : लशीच्या बाटलीवरचे लेबल बॅच क्रमांकासह, दिल्याची तारीख, आणि पशुवैद्यकांची सही व नोंदणी क्रमांक. तिन्ही नसतील, तर लस झालेली नाही असेच धरा. शक्यतो त्या पशुवैद्यकांना फोन करून खात्री करून घ्या.

नाक जितके चपटे, तितकी किंमत?

जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढ्याची किंमत त्याच्या पोपटासारख्या बाकदार नाकावर ठरते, हे सांगलीकरांना ठाऊक आहे. पर्शियन मांजराचा सौदाही नाकावरच होतो, पण उलट्या बाजूने. विक्रेते 'डॉल फेस', 'सेमी पंच', 'पंच फेस' असे शब्द वापरतात. पंच फेस म्हणजे बुक्की मारल्यासारखा चपटा चेहरा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली मांजरांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्या काळच्या चित्रांतल्या पर्शियन मांजरांना चांगले नाक दिसते. आजचा सपाट चेहरा विसाव्या शतकात माणसाने निवड करकरून आणला आहे.

त्याची किंमत जनावर मोजते. नाकपुड्या अरुंद होतात, श्वास घेताना आवाज येतो, अश्रू वाहून नेणारी नळी वाकडी झाल्याने डोळे सतत पाझरतात, दातांची गर्दी होते. आधीच अंगावर दाट केस, त्यात सांगलीचा चाळीस अंशांचा उन्हाळा. शांत बसलेले पिल्लू तोंड उघडून श्वास घेत असेल, तर ते घेऊ नका. नाक थोडे लांब असलेले 'डॉल फेस' पिल्लू स्वस्त मिळते आणि सुखाने जगते.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्समध्ये झालेल्या पाहण्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक पर्शियन मांजरांत तो आढळला होता. आई किंवा बाप, एकाला जरी हा दोष असला, तरी सरासरी निम्म्या पिल्लांत तो उतरतो. पिल्लू वरकरणी छान वाढते आणि पुढे ऐन वयात मूत्रपिंडे निकामी होतात. दोषी जनुक २००४ साली सापडले. तेव्हापासून थोडे रक्त किंवा गालाच्या आतला नमुना घेऊन याची तपासणी करता येते. ती केली नसेल, तर दहा महिन्यांपुढच्या मांजराची सोनोग्राफी तरी करता येते. "आई-बापांची मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का?" हा एकच प्रश्न विचारा. जबाबदार ब्रीडर कागद काढून दाखवील. इतर बहुतेक जण तुमच्या तोंडाकडे पाहत राहतील.

दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्ड जातीची अलीकडे फार हौस आहे. तिच्याविषयी स्पष्टच सांगतो. कान दुमडणारे जनुक केवळ कानाच्या कूर्चेवर नव्हे, तर सर्व शरीरातल्या कूर्चेवर परिणाम करते. सांधे आणि शेपटी ताठर होतात, दुखतात. म्हणून ब्रिटनमधल्या मांजर-संघटनेने १९७० च्या दशकातच या जातीची नोंदणी बंद केली. दुखऱ्या सांध्यांचे जनावर पैसे देऊन पैदा करवू नये.

'पेपर आहेत' म्हणजे काय?

जातिवंत म्हणजे ज्याची वंशावळ नोंदलेली आहे असे. खऱ्या प्रमाणपत्रावर आई, बाप, आजी, आजोबा यांची नावे, रंग आणि नोंदणी क्रमांक असतात. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था कुत्र्यांची नोंदणी करते. तिचे नाव सांगून कुणी मांजर विकत असेल, तर सावध व्हा. 'ट्रिपल कोट', 'इम्पोर्टेड लाइन' हे शब्द वंशावळ नव्हेत. कागद नसलेले लांब केसांचे मांजर वाईट असते असे नाही; पण मग जातीचे म्हणून जादा पैसे कशासाठी द्यायचे?

कायद्याचेही थोडे सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याखाली २०१७ मध्ये श्वानपैदाशीचे नियम झाले आणि २०१८ मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम आले. दुकानाला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. दुकानातून घेत असाल, तर ते प्रमाणपत्र पाहायला मागा. घरून घेत असाल, तर पैशांची पावती आणि पिल्लाची जन्मतारीख, रंग, आई-बाप, झालेल्या लशी हे सगळे कागदावर लिहून सहीनिशी घ्या. फसवणूक झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाताना हाच कागद उपयोगी पडतो.

तो तुम्हाला काय विचारतो?

आपण ब्रीडरची परीक्षा घेतो, तशी त्यानेही आपली घ्यायला हवी. घरात मुले किती, आधीची मांजरे आहेत का, गच्ची-खिडक्यांना जाळी आहे का, दिवसभर कोण असते, नसबंदी करणार का, असे प्रश्न त्याने विचारले तर रागावू नका. तो माणूस चांगला आहे. जो फक्त "पैसे कधी पाठवता?" एवढेच विचारतो, त्याच्यापासून दूर राहा.

खाण्याविषयीही तो स्पष्ट सांगेल. आपल्याकडच्या अनेक शाकाहारी घरांत मांजराला दूध-भात, दूध-पोळी घालतात. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. त्याला लागणारे टॉरिन हे द्रव्य मांस-मासळीतून मिळते. ते न मिळाल्यास मांजर आंधळे होऊ शकते आणि त्याचे हृदय निकामी होऊ शकते. वाढत्या पिल्लाला गाईचे दूध तर बहुधा पचतच नाही. घरात मांस चालत नसेल आणि मांजराचे तयार खाद्यही आणायचे नसेल, तर मांजर न पाळणेच बरे.

घरच्यांच्या तब्येतीसाठी

वर ज्या नायट्याची गोष्ट सांगितली, तो मांजरांकडून येणाऱ्या बुरशीचा. लांब केसांची पर्शियन मांजरे कधी कधी अंगावर एकही चट्टा नसताना ही बुरशी बाळगतात. तिचे बीजाणू केस-धुळीत अनेक महिने टिकतात. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी आणि मांजरानेही एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात. मुलांच्या डोक्यातला नायटा मलमाने जात नाही. त्याला पोटातून औषध लागते आणि तेही काही आठवडे. त्या मुलाला दीड महिना औषध द्यावे लागले. दुकानातून आपल्या मनाने स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. खाज थांबते, पण बुरशी आतून पसरत जाते.

मांजराचे ओरखडे साबणाने धुवावेत. ओरखड्यानंतर काही आठवड्यांत काखेत किंवा मानेत गाठ आली, ताप आला, तर डॉक्टरांना मांजराचा उल्लेख जरूर करा. अशी गाठ क्षयाची असू शकते, तशीच ओरखड्यातून शिरलेल्या जंतूंचीही असू शकते. हे जंतू पिसवांमुळे मांजरांत पसरतात.

घरात गरोदर बाई असेल, तर मांजर हाकलून देण्याची गरज नाही. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून येतो, पण बाहेर पडल्यावर तो बाधा करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून मातीची पेटी रोज साफ करावी आणि ते काम दुसऱ्या कुणी करावे. मांजराला कच्चे मांस देऊ नये आणि उंदीर मारू देऊ नये. अर्धकच्चे मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा परजीवी येतो, हे विसरू नये.

दुसरे पिल्लू

पिल्लू गेल्याचे कळवताच त्या विक्रेत्याने दुसरे पिल्लू निम्म्या किमतीत देऊ केले होते. आजींनी मला विचारले, "घ्यावं का हो? पोरगं जेवत नाही." मी नको म्हणालो. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. लस न झालेले पिल्लू आणले, तर तेही त्याच वाटेने गेले असते. फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसायला सांगितले. फिनेल नको म्हटले, कारण फिनेलमधली द्रव्ये मांजराला विषारी असतात. टोपली, भांडी, अंथरूण टाकून द्यायला लावले. मुलाची समजूत घालणे सर्वांत अवघड होते. पिल्लाला आपलेच काही चुकले म्हणून ते मेले, असे त्याने मनाशी धरले होते. त्याला सांगितले, "बाळा, ते आजारीच आलं होतं. तुझी चूक नव्हती." हे वाक्य मला दोन-तीनदा सांगावे लागले.

यंदा मे महिन्यात ही मंडळी सांगलीला विश्रामबागेतल्या एका घरी गेली. तिथे मिळून तीनच मांजरे. भाटी समोरच पिल्लांना पाजत पडलेली होती. घरच्या बाईंनी मुलाला जवळ बसवून तासभर गप्पा मारल्या. पिल्लू तेव्हा सात आठवड्यांचे होते. आगाऊ पैसे घ्यायलाही त्या तयार नव्हत्या. म्हणाल्या, "बारा आठवडे झाल्यावर या, तोवर गच्चीला जाळी मारा." जून संपता संपता पिल्लू कऱ्हाडला आले. वडील पिल्लाआधी त्याची फाईल मला दाखवायला घेऊन आले होते.

जातिवंत मांजरच हवे असा हट्ट नसेल, तर गल्लीतले देशी पिल्लूही तितकीच माया लावते. त्यालाही लशी, जंतनाशक आणि नसबंदी हवी, एवढेच. शंका असल्यास जवळच्या पशुवैद्यकांना विचारा. शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. हे आपल्या जिल्ह्याचे भाग्य.

मी मात्र आता नायट्याच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत विचारतो, "घरात जनावर आहे का?"

कात्रण जपून ठेवा

१. फोटोवरून पैसे पाठवू नका. घरी जाऊन पिल्लाची आई पाहा.

२. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नका. बारा आठवड्यांपर्यंत थांबणे उत्तम.

३. लशीच्या पुस्तकात लेबल, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांक पाहा.

४. पर्शियन असल्यास आई-बापांच्या मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद मागा. फार चपट्या नाकाचे पिल्लू टाळा.

५. पावती आणि लेखी माहिती घ्या. घेतल्यावर दोन दिवसांत आपल्या पशुवैद्यकांकडून तपासून घ्या.

६. केस गेलेली जागा, वाहणारे नाक-डोळे, जुलाब दिसले तर पिल्लू घरी आणू नका.

७. मांजर चावले तर पंधरा मिनिटे साबण-पाणी आणि त्याच दिवशी रुग्णालय. मांजर कुठल्याही जातीचे असो.